वायरिंगच्या हमीचा विमा : घ्यावा की न घ्यावा?

आजकाल बाजारात कोणतीही वस्तू घ्यायला जा, बिल फाडण्यापूर्वी दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो, "वॉरंटी वाढवून देऊ का?" फ्रीज, वॉशिंग मशीन आणि मोबाईलपुरता असलेला हा प्रश्न आता इन्व्हर्टर, छतावरील सोलर आणि घराच्या वायरिंगपर्यंत येऊन पोहोचला आहे. कामाचा दर वेगळा आणि त्या कामाच्या हमीच्या विम्याचे पैसे वेगळे. घेणे न घेणे ग्राहकाच्या मर्जीवर. ग्राहक गोंधळतो. घेतला नाही तर उद्या नुकसान झाल्यावर पश्चात्ताप होईल ही भीती आणि घेतला तर पैसे पाण्यात जातील ही शंका. आपल्या समाजात तिसरा प्रश्नही असतो : हे जायज आहे का?

कापडाच्या व्यापाऱ्याने विजेच्या कामावर का लिहावे, असे कोणी विचारील. याला कारण आहे. कापड आणि ठिणगी यांचे वैर आमच्या धंद्याइतकेच जुने आहे. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात एका कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून अल्लाहला प्यारे झाले. आगीच्या कारणांत दुकानात चार्जिंगला लावलेल्या ई-बाईकचीही चर्चा झाली. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून मालकासह आठ जण मृत्युमुखी पडले. तेथेही प्राथमिक संशय शॉर्टसर्किटवर होता. दोन्ही ठिकाणे कापडाची आणि दोन्ही ठिकाणी गेलेले लोक आपल्यातलेच. म्हणून हा विषय केवळ वायरमनचा नाही, आपल्या सर्वांचा आहे.

हमी कोणाची आणि कशाची?

प्रथम एक गोष्ट साफ करून घेऊ. "गॅरंटी" या एकाच शब्दाखाली आपल्याकडे चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, मालाची हमी. वायर, एमसीबी, पंखा, इन्व्हर्टरची बॅटरी यांची हमी बनविणारी कंपनी देते. तिचे पैसे वस्तूच्या किमतीतच आलेले असतात. त्यासाठी पक्के बिल जपून ठेवणे एवढेच आपले काम. दुसरी, कामाची हमी. जोड सैल राहिला, अर्थिंग नीट केले नाही, जाड वायरीच्या जागी बारीक वायर ओढली, तर जबाबदार कारागीर. तिसरी, या कामाच्या हमीवर काढलेला विमा. कारागीर आला नाही तर दुसऱ्याकडून दुरुस्ती करून देण्याचे हे वचन. चौथी, आग, वीज पडणे, पूर अशा आफतीत घर किंवा दुकानच उद्ध्वस्त झाले तर भरपाई देणारा खरा मालमत्तेचा विमा.

लोक तिसरी गोष्ट विकत घेतात आणि मनात समजतात की आपण चौथी घेतली. सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

विलायतेत ही पद्धत कशी आली?

इंग्लंडमध्ये २००५ सालापासून घरातील विजेचे बरेचसे काम इमारतीच्या नियमांखाली आणले गेले. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन काम करून स्वतः प्रमाणपत्र देतो. तेथे कामाच्या हमीवर विमाही मिळतो. पण त्याचा मतलब नीट समजून घ्यावा. ज्या कंत्राटदाराने काम केले त्याने धंदा बंद केला, दिवाळे काढले आणि आपली हमी पाळण्यास तो उरलाच नाही, तर विमा कंपनी पुढे येते. कंत्राटदार हयात आहे, धंदा चालू आहे, तर प्रथम त्याच्याकडेच जावे लागते. म्हणजे हा विमा वायरिंग खराब होण्याचा नसून कारागीर नाहीसा होण्याचा आहे.

आता आपल्याकडे या. घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगावात वायरमन कोठे राहतो, त्याचे वडील काय करीत, तो जुम्याला कोणत्या मशिदीत असतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो नाहीसा होण्याची भीती मुंबई-पुण्याइतकी नाही. हां, एक खरे की हुशार पोरे आखाती देशात किंवा पुण्याच्या कंपनीत निघून जातात. त्यावरील उपाय पुढे सांगतो.

हिशेब करून पाहा

व्यापाऱ्याने भावनेवर नव्हे, हिशेबावर चालावे. समजा घराच्या कन्सील फिटिंगचे काम ८०,००० रुपयांचे झाले. हमीच्या विम्याला चार टक्के मागितले तर ३,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५७६ रुपये. एकूण ३,७७६ रुपये झाले.

या पैशात मिळते काय? पाच वर्षांत वायरिंगमध्ये बिघडते ते बहुधा एखादा स्विच, एखादा सॉकेट, होल्डर, नाहीतर बोर्डातील सैल जोड. यांची दुरुस्ती दोन-चारशे रुपयांत होते. मोठे नुकसान होते ते वेगळ्याच कारणांनी. डीपीवर न्यूट्रल तुटला आणि २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब घरात शिरला, की टीव्ही, फ्रीज, पंखे एका क्षणात जळतात. आभाळातून वीज पडते. उंदीर वायर कुरतडतात. स्लॅब गळून पाणी पाईपात उतरते. पाहुण्या मिस्त्रीने बोर्ड उघडून काहीतरी जोडलेले असते. आता हमीच्या कागदाच्या मागचा बारीक मजकूर वाचा. दाब कमी-जास्त होणे, वीज पडणे, उंदीर, पाणी, दुसऱ्याने हात लावणे, हीच कारणे अशा कागदांत बहुधा वगळलेली असतात. जे होण्याची शक्यता जास्त ते वगळलेले आणि जे होण्याची शक्यता कमी व खर्च किरकोळ तेच दिलेले. असा सौदा कापडबाजारात कोणी आमच्याशी केला असता तर आम्ही थान गुंडाळून परत दिले असते.

याच ३,७७६ रुपयांत दुसरे काय होईल? ३० मिलिअँपिअरचा चांगल्या कंपनीचा आरसीसीबी बसेल आणि अर्थिंगच्या खड्ड्याला हातभार लागेल. वीज भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली की हे यंत्र डोळ्याचे पाते लवण्याआधी पुरवठा तोडते. हमीचा कागद नुकसान झाल्यावर बोलतो, तेही बोललाच तर. आरसीसीबी जीव जाण्यापूर्वी बोलतो. वजूखान्याच्या मोटारीला आणि बाथरूमच्या गीझरला तो नसेल, तर आधी तो बसवा, मग विम्याची गोष्ट करा.

आगीच्या विम्याबद्दल एक गैरसमज

ज्यांनी दुकानाचा आगीचा विमा काढला आहे त्यांना वाटते की शॉर्टसर्किटचे सर्व काही त्यात आले. तसे नाही. आगीच्या पॉलिसीत साधारणपणे अशी अट असते की, शॉर्टसर्किट, जादा दाब किंवा स्वतः गरम होऊन जे विजेचे यंत्र अथवा फिटिंग बिघडले, त्या यंत्राचे नुकसान मिळणार नाही. परंतु त्यातून आग पसरून इतर माल जळाला तर त्याची भरपाई मिळते. म्हणजे जळालेला बोर्ड आपला, जळालेल्या साड्या व शर्टिंग विम्याच्या. हे नीट समजले म्हणजे लक्षात येईल की मोठ्या जोखमीसाठी हमीचा विमा कामाचा नाही, मालमत्तेचाच विमा कामाचा.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी "भारत गृह रक्षा" आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या लहान धंद्यांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" या एकसारख्या अटींच्या पॉलिसी द्याव्या लागतात. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच. त्यामुळे एजंटाच्या तोंडी वचनावर विसंबण्याचे कारण नाही. कापडवाल्यांनी एक लक्षात ठेवावे. रमजान आणि दिवाळीपूर्वी दुकानात माल दुप्पट भरलेला असतो आणि विमा मात्र मंदीतल्या मालाच्या रकमेचा असतो. विमा कमी रकमेचा निघाला तर भरपाईलाही कात्री लागते.

शरीअतचा प्रश्न

विम्याबद्दल उलमांचे मत काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. १९८५ साली जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकॅडमीने ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर उभ्या विम्याला मान्यता दिली. त्यात गरर म्हणजे अनिश्चितता आहे, सूद आहे, हे कारण. दुसरीकडे आपल्या देशाची परिस्थिती पाहून लखनौच्या नदवतुल उलमाच्या मजलिसे तहकीकाते शरइय्याने १९६५ मध्येच गरजेपोटी सवलतीचा विचार मांडला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्लामिक फिकह अकॅडमी (इंडिया) नेही दंगलींमध्ये मुसलमानांच्या जान-मालाचे जे नुकसान होते ते ध्यानी घेऊन विम्याला मुभा दिली. तकाफुलची कंपनी आपल्याकडे नाही, हेही खरे.

आता विचार करा. ही सवलत गरजेची आहे, शौकाची नाही. उभ्या आयुष्याची कमाई असलेले दुकान जळून खाक होणे ही गरज समजू शकते. पण स्विचबोर्डाचा जोड सैल झाला तर दोनशे रुपयांची दुरुस्ती फुकट मिळावी म्हणून विमा घेणे, याला गरज म्हणता येईल का? मला तरी वाटत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी पॉलिसीचा कागद घेऊन आपल्या मुफ्ती साहेबांकडे जावे. नुसते "विमा चालतो का" असे न विचारता कागदातील अटी वाचून दाखवाव्यात.

कारागीर स्वतःच जामीन आहे

खरा मुद्दा पुढे आहे आणि तो ग्राहकांपेक्षा कारागीर बांधवांना उद्देशून आहे.

फिकहच्या किताबांत मजुरी घेऊन काम करणाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. जो एकाच मालकाकडे वेळ देऊन राबतो तो अजीर-ए-खास. जो अनेकांची कामे घेतो तो अजीर-ए-मुश्तरक. शिंपी, धोबी, रंगारी यांची उदाहरणे तेथे दिली जातात. आजचा वायरमन याच दुसऱ्या वर्गात येतो. धोब्याने कपडा आपटताना फाडला, रंगाऱ्याने रंग बिघडवला, तर हनफी इमामांच्या मते आपल्या हाताने झालेल्या नुकसानीचा तो जामीन असतो. माल त्याच्याकडून चोरीला गेला तर काय, यावर इमाम अबू हनीफा (रह.) आणि त्यांचे दोन शागिर्द इमाम अबू यूसुफ (रह.) व इमाम मुहम्मद (रह.) यांच्यात मतभेद आहे. पण स्वतःच्या कामाने केलेल्या बिघाडाबद्दल या तिघांत मतभेद नाही. हजरत अली (रजि.) यांनी कारागिरांना जबाबदार धरल्याची रिवायतही प्रसिद्ध आहे.

याचा अर्थ काय? जी जबाबदारी कारागिरावर आधीच आहे, तिचे वेगळे पैसे ग्राहकाकडून मागणे म्हणजे एकाच थानाचे दाम दोनदा घेणे आहे. आम्ही रंग पक्का म्हणून कापड विकतो. पहिल्या धुण्यात रंग गेला तर गिऱ्हाईक कापड परत आणते आणि आम्ही बदलून देतो. "रंगाच्या हमीचे वेगळे चाळीस रुपये द्या" असे म्हटले तर ते पायरी चढणार नाही. मग पॉइंटप्रमाणे मजुरी घेणाऱ्याने आपल्या जोडाची हमी वेगळी का विकावी?

देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. पैसे घेऊन केलेल्या कामात कसूर असेल तर ग्राहक दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही आणि वकील लावण्याचीही सक्ती नाही. आपल्यासाठी हा आयोग जालन्यात आहे. हे संरक्षण फुकट मिळते, मात्र त्यासाठी हातात बिल हवे. आपल्याकडे दोन हजार वाचविण्यासाठी लोक कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेतात आणि मग तीन-चार हजारांचा हमीचा विमा शोधतात! ही उलटी गंगा आहे.

सही एकाची, काम दुसऱ्याचे

आणखी एक रोग आपल्या भागात आहे. नवीन मीटरसाठी महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. रिपोर्टवर सही ठेकेदाराची असते आणि काम केलेले असते भलत्यानेच. अनेकदा सही करणाऱ्याने घर पाहिलेलेही नसते. याला कोणी व्यवहार म्हणो, मी खोटी साक्ष म्हणेन. उद्या आग लागली आणि दावा दाखल झाला तर कंपनी हाच कागद पुढे करून बोट ठेवील. अशा पायावर कोणताही विमा उभा राहत नाही. ज्या मुलांच्या हातात कसब आहे त्यांनी परवान्याची परीक्षा द्यावी, स्वतःच्या नावाने सही करावी. त्यात त्यांची रोजीही वाढेल आणि इज्जतही.

मग करावे काय?

कारागीर बांधवांना माझी सूचना अशी. आपण एक छापील हमीपत्र द्यावे, विनामोबदला. त्यात आपले नाव, परवाना क्रमांक, कोणत्या लाईनला किती जाडीची वायर ओढली (दिव्यांना दीड, सोळा अँपिअरच्या प्लगला अडीच, गीझर व एसीला चार चौरस मिलिमीटर), अर्थिंग कोठे आहे, मेगरने तपासल्यावर काय आकडा आला, आणि कामाची हमी किती वर्षांची, एवढे लिहावे. काय हमीत नाही तेही मोठ्या अक्षरांत लिहावे. माल आयएसआय मार्कचाच लावावा.

दुसरी गोष्ट कफालतीची. एका तालुक्यातील चार-पाच वायरमननी आपसात करार करावा की आपल्यापैकी कोणी सौदीला गेला, आजारी पडला किंवा मयत झाला, तर त्याच्या हमीची कामे बाकीचे पूर्ण करतील. हमीपत्राखाली सर्वांची नावे असावीत. विलायतेत ज्या कामासाठी विमा कंपनीला हप्ता भरतात ते काम येथे भाईचाऱ्याने होईल. यात गरर नाही, सूद नाही आणि एकाच्या जाण्याने सर्वांचे नाव खराब होण्याची भीतीही राहणार नाही. ज्या पाच जणांच्या सह्या एका कागदावर असतील त्यांच्याकडेच लोक आधी जातील, हा व्यापाराचा नियम आहे.

ग्राहकांनीही इन्साफ करावा. काही जण हमीच्या नावाखाली मजुरी महिनोन्महिने अडकवून ठेवतात. घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे, हे विसरू नये. सरकारी कामांत ठेकेदाराची काही रक्कम दोष निघण्याच्या मुदतीपर्यंत राखून ठेवतात. तसे करायचे असेल तर मालासह पूर्ण ठेका घेणाऱ्याशी, काम सुरू होण्यापूर्वी, लेखी ठरवून करावे. रोजाने येणाऱ्या गरीब कारागिराची मजुरी मात्र त्याच दिवशी द्यावी.

सोलरचे काय?

एक अपवाद लोक सांगतात तो सोलरचा. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या "पीएम सूर्यघर" योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि बसविणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करणे हे त्यातच आले. शेतकऱ्यांच्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत तर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह आहे. म्हणून पहिल्या पाच वर्षांसाठी वेगळी हमी विकायला कोणी आला तर करारनामा उघडून त्याच्यापुढे ठेवावा. वादळ-गारपिटीची भीती असेल तर घराच्या विम्यात हे सामान नोंदवून घ्यावे. हमीचा विमा तेथेही शेवटीच येतो.

तरीही कोणाला असा विमा घ्यायचाच असेल, बसविणारा परगावचा असेल, रक्कम मोठी असेल, तर तीन गोष्टी पाहाव्यात. विमा देणारी कंपनी आयआरडीएआयकडे नोंदलेली आहे की केवळ ठेकेदाराचेच रंगीत कार्ड आहे? पैसे केव्हा मिळतात, बिघाड झाल्यावर की ठेकेदार बंद पडल्यावरच? आणि काय काय वगळले आहे? नोंदलेल्या कंपनीने दावा नाकारला तर पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. रंगीत कार्डावर ती सोय नाही.

सारांश, लहान नुकसानीला कारागिराचा शब्द पुरेसा आहे, मोठ्या नुकसानीला मालमत्तेचा विमा आहे आणि जिवाला आरसीसीबी व अर्थिंग आहे. या तिन्हींच्या मधोमध जो हमीचा विमा विकला जातो त्याची आपल्या गावांत तरी गरज दिसत नाही. ज्या समाजात कारागीर आपल्या कामाचा जामीन राहतो, तेथे जामीनकी विकत घ्यावी लागत नाही. आपल्या वायरमन बांधवांनी पहिले हमीपत्र छापावे. त्याला पहिला ग्राहक इन्शाअल्लाह बाजारपेठेतील व्यापारीच असतील.

(लेखक घनसावंगी, जि. जालना येथे कापड व्यापारी आहेत.)